पहिले मासे मरतातच?

"काका, टाकी सेट होईपर्यंत पहिले मासे मरतातच," दुकानदार सहज म्हणाला. मंडळी, मला हे अजिबात मान्य नाही. पहिल्या वर्षीची पोरं नापास होणारच, असं कुठला मास्तर म्हणेल?

नातवाच्या २० लिटरच्या टाकीत आम्ही त्याच दिवशी ४ गप्पी सोडले. आठवड्यात २ गेले. मी पडलो स्वच्छतेचा भोक्ता! सगळं पाणी उपसलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. तिथेच चुकलं. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर वाढतात. त्यांना ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनने मी त्यांनाच मारत होतो.

म्हणून आधी झाडं लावा, रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणू वाढू द्या. मासे मागाहून आणा. आधीच सोडले असतील तर खाद्य निम्मं करा, टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की क्लोरीन घालवलेल्या पाण्याने पाव टाकी बदला. झाडंही थोडा अमोनिया शोषतात.

उरलेले दोघं मजेत आहेत. पण नातू विचारतो, "आजोबा, ते दोघं का मेले?"

"टाकी सेट व्हायला" हे उत्तर मला देववत नाही.