झांकली मूठ

अर्थसंकल्प हा राज्याच्या नीतीचा कबुलीजबाब होय. व्यासपीठावर पुढारी वाटेल तें बोलोत. पैसा कोणाच्या दारीं जातो तें पाहिलें म्हणजे त्यांच्या मनांत काय आहे हें निराळें विचारावें लागत नाहीं. परंतु चोपडींतला रकानाच झांकून ठेवला असेल, तर प्रजेनें वाद घालावा तरी कशाचा? १९६७ च्या युद्धांत इस्रायलनें जिंकलेल्या जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावर ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या खर्चावर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

१९९२ सालीं राष्ट्राच्या खर्चाचा अग्रक्रम बदलण्याचें वचन देऊन यित्झाक राबीन निवडून आले. सोव्हिएट मुलुखांतून आलेल्या ज्यू लोकांच्या सोयीसाठीं अमेरिकेनें १,००० कोटी डॉलरांच्या कर्जाला हमी दिली तीही त्याच वर्षीं. मात्र वसाहतींवरील खर्च त्या हमींतून वजा व्हावा अशी तजवीज होती. त्याप्रमाणें १९९३ सालीं ४३.७ कोटी डॉलर वजा झाले. घरच्या करदात्याला अनेक खात्यांतून वेंचीत बसावा लागणारा आंकडा परक्या जामीनदाराच्या वहींत एका ओळींत उतरला, याहून लाजिरवाणें काय असावें?

परवानगीवांचून उभारलेल्या ठाण्यांची चौकशी करून तालिया सासोन या विधिज्ञ बाईंनीं २००५ सालीं पंतप्रधान शॅरन यांना अहवाल दिला. गृहनिर्माण खात्याचा पैसा या बेकायदा ठाण्यांकडे ‘सामान्य विकास, किरकोळ’ अशा सदराखालीं वाहत होता, असें त्यांत उघड झालें. कायदा सरकारनेंच करावा, तो मोडण्याचा खर्चही सरकारनेंच द्यावा, आणि त्या खर्चाला नांव काय, तर किरकोळ!

वसाहतींचे कैवारी म्हणतात, एकंदर अर्थसंकल्पाच्या मानानें ही रक्कम अल्प आहे. अल्प असेल तर ती उजेडांत मांडण्याची भीति कां? दुसरें म्हणणें असें कीं, वसाहतवालेही नागरिकच. त्यांना रस्ते व शाळा नकोत काय? अवश्य हव्यात. पण स्वस्त घरांचें आमिष दाखवून त्यांना तेथें नेलें कोणी? आज खर्च करून गरज निर्माण करावयाची आणि उद्यां तीच गरज पुढें करून पुन्हां खर्च मागावयाचा, हें चक्र कधींच थांबणारें नव्हे. १९९२ च्या सुमारास पूर्व जेरुसलेम वगळून या वसाहतींत एक लाखाच्या आसपास लोक होते. आज ते पांच लाखांहून अधिक आहेत. इकडे घरभाडें परवडेना म्हणून तेल अवीवच्या तरुणांनीं २०११ च्या उन्हाळ्यांत रोथशील्ड रस्त्यावर तंबू ठोकले. आणि ज्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याची जमीन गेली, त्याचें नुकसान तर कोणत्याच रकान्यांत नाहीं.

२०२२ च्या अखेरीस अर्थमंत्रिपद आणि संरक्षण खात्यांतील वसाहतींचा अधिकार हीं दोन्हीं बेझलेल स्मोट्रिच यांच्याकडे आलीं. मागणाराही तोच, देणाराही तोच. मग हिशेब विचारावा कोणीं?

आमची मागणी साधी आहे. रस्ते, पहारा, घरें, करांतील सवलती, सर्व एका सदराखालीं आणा, बेरीज मांडा, आणि त्या बेरजेवर संसदेचें मत घ्या. झांकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण जी मूठ प्रजेच्या पैशानें भरली आहे, ती झांकून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाहीं.