पावसापेक्षा वाऱ्याला घाबरा



घरून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की लेटरकेनीकरांच्या दोन सहली ठरलेल्या: ग्लेनवेचा किल्ला आणि ग्रीनान ऑफ एलाखचा दगडी कोट. यंदा निघण्याआधी हे वाचाच.

आपण कोकणातला पाऊस पाहिलेली माणसं. इथल्या भुरभुरीला कोण भितंय? पण इथे धोका वाऱ्याचा. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावर ताशी १८० किमीहून जास्त वेगाचे झोत मोजले गेले, आणि आपल्या डोनेगॉलमध्ये गाडीवर झाड पडून एक जण गेला.

ग्लेनवेची दरी सरळसोट, नैऋत्य-ईशान्य. नैऋत्येचा वारा तिच्यात नळीसारखा घुसतो. आपली गाडी किल्ल्यापर्यंत जात नाही. पार्किंगपासून किल्ला सुमारे चार किमी, बसने, सायकलने नाहीतर पायी. म्हणजे हवा बिघडली तर पळत गाडीत बसता येत नाही. सत्तरीतल्या आईला घेऊन तर नाहीच.

ग्रीनान २४४ मीटर उंच उघड्या टेकडीवर. आत गेलं की भिंतीचा आडोसा मिळतो, पण छप्पर नाही. दोन्ही खाड्या दिसाव्यात म्हणून सगळे भिंतीवर चढतात. वारा असेल तर चढू नका, मुलांना तर अजिबात नको.

आता इशाऱ्यांचं. मेट एरनचे रंग आपल्या हवामान खात्यासारखेच: यलो, ऑरेंज, रेड. ते काउंटीनुसार लागतात, तेव्हा डब्लिनचा नाही, डोनेगॉलचा पाहा. पुढे डेरीला जाणार असाल तर सीमेपलीकडे ब्रिटिश मेट ऑफिसचे इशारे वेगळे. तिथे मधला रंग अंबर. दोन्ही बघा.

माझा नियम साधा आहे. वाऱ्याचा यलो असेल तर झाडी आणि टेकडी दोन्ही रद्द. ऑरेंज किंवा रेड असेल तर घरीच भजी. वादळ गेल्यावरही एक-दोन दिवस थांबा. सैल झालेली झाडं आणि लटकलेल्या फांद्या नंतरही पडतात. आणि गेटवर "बंद" पाटी दिसली तर बाजूने आत शिरायचं नाही. "एवढ्या लांबून आलोय" हे वाऱ्याला सांगून उपयोग नाही!

अडकलात तर ११२ किंवा ९९९. डोंगरात असाल तर "माउंटन रेस्क्यू" म्हणा. दरीत रेंजचा भरवसा धरू नका. कुठे जाताय, कधी परतणार ते घरी कुणाला तरी सांगून निघा.

पाहुण्यांची तिकिटं तीन आठवड्यांची असतात. किल्ला पुढच्या शनिवारीही तिथेच असेल.