दातांच्या डॉक्टरला मूल दिसतं का?

राजुऱ्याचं प्रकरण आपल्या पोरांनी नीट वाचावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावी एका वसतिगृहातल्या १७ अल्पवयीन आदिवासी मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा २०१९ मध्ये दाखल झाला. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आरोप होता, की कळूनही त्याने पोलिसांना कळवलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली. आपण डॉक्टरला सांगितलं होतं, हे तर मुलींच्या जबाबातच होतं! २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल फिरवला : खरं-खोटं खटल्यात ठरू द्या.

हा निकाल दातांच्या डॉक्टरांनाही लागू आहे. पोक्सोच्या कलम १९ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत, त्यात बीडीएसवाले आलेच. नुसती गुन्हा होण्याची भीती वाटली तरी कळवायचं आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. मग गप्प का?

छळ झालेल्या मुलांच्या जखमा फार वेळा चेहरा, तोंड, मान इथेच असतात. ओठाच्या आतला फाटलेला पडदा, टाळूवरचे लाल डाग, चाव्याचे वण, ‘पायरीवरून पडला’ या सांगण्याशी न जुळणारा तुटलेला दात. हे सगळ्यात आधी दातांच्या खुर्चीवर दिसतं. नागपुरात मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, खाजगी कॉलेजं वेगळी. तिथे दात भरायला शिकवतात. चौकीत काय सांगायचं, हेही शिकवायला नको का? मारहाण आणि हेळसांड बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, पण कळवण्याची पोक्सोसारखी सक्ती त्या कलमात नाही. ही फट बुजवायची मागणी आपण केली पाहिजे.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्यालाच बोलावी लागेल. वस्तीतल्या लेकराचे किडलेले दात पाहून ‘या लोकांना पोरांची काळजीच नाही’ म्हणणारे डॉक्टर कमी नाहीत. हेळसांडीच्या व्याख्येत ‘जाणूनबुजून’ हा शब्द कळीचा आहे. रोजी बुडवून रांगेत उभी राहणारी माय हेळसांड करत नाही. तिच्या वस्तीजवळ दातांचा दवाखाना न देणारं सरकार करतं. गरिबीला गुन्हा ठरवणारी नजर जातीतून येते. आणि हीच नजर बंगल्यातल्या पोराच्या गालावरचा वळ पाहून डोळे मिटते.

आश्रमशाळेत दंत तपासणीचं शिबिर लागलं, की अधीक्षक मुलांच्या शेजारीच उभा असतो. त्याच्यासमोर कोणतं पोर तोंड उघडेल? तुमच्या तालुक्यात शिबिर असेल तर आधी एक लेखी निवेदन द्या : मुलांना कर्मचाऱ्यांपासून वेगळं तपासा, मुलींसोबत महिला डॉक्टर ठेवा, १०९८ हा क्रमांक भिंतीवर लावा. गुन्हा नोंदवताना मूल अनुसूचित जाती-जमातीचं आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर पोक्सोबरोबर अॅट्रॉसिटीची कलमं लागली का, हे एफआयआरची प्रत हातात घेऊन तपासा. ठाणेदार ‘नंतर लावू’ म्हणाला तर तिथून हलू नका.