जुन्या गाडीचें इंजिन उघडण्यापूर्वीं

आमच्या पुण्याच्या घरीं चार माणसें एका विषयावर एकत्र बसलीं कीं पांच मतें निघतात. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हा अनुभव नवा नसेल. गेल्या श्रावणांत हा विषय होता आमची मोटार. 1986 सालीं तीर्थरूपांनीं घेतलेली ही पद्मिनी सकाळीं सुरू करतांच निळसर धुराचा लोट सोडूं लागली, चढावर धापा टाकूं लागली आणि वरचेवर तेल मागूं लागली. नेहमींच्या कारागिरानें बॉनेट उघडलें, क्षणभर कान दिला आणि निकाल सांगितला, "फुल इंजिन करावं लागेल."

त्याचा आंकडा ऐकून धाकटे बंधु म्हणाले, "एवढ्या पैशांत अशी दुसरी गाडी येईल." दादांनीं त्यावर एवढेंच म्हटलें कीं, "अशी येईल; हीच येणार नाहीं." झालें! पुढें आठ दिवस पंगतींत दोघे एकमेकांशीं आमटी-भातापुरतेंच बोलत होते.

मीं दोघांसहि एकच प्रश्न विचारला : आंत नेमकें काय झिजलें आहे, हें कोणी पाहिलें आहे काय? कोणींच पाहिलें नव्हतें. कारागिरानें तर नव्हतेंच.

या गाडीचें इंजिन चार सिलिंडरांचें, 1089 घनसेंटिमीटरांचें. प्रत्येक सिलिंडराचा व्यास 68 मिलिमीटर. जळणाच्या जागीं तेल शिरण्यास त्यांत मुख्यतः दोन वाटा आहेत. एक खालून, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांच्या बाजूनें. दुसरी वरून, व्हॉल्व्हच्या दांड्या ज्या गाइडांत सरकतात त्या सैल झाल्यामुळें. दोहोंचा धूर निळाच. पण उपाय आणि खर्च यांत जमीन-अस्मानाचें अंतर! रात्रभर उभ्या असलेल्या गाडीनें पहिल्या क्षणीं धूर सोडला, किंवा उतारावर पाय काढून पुन्हां दाबतांच सोडला, तर संशय वरच्या वाटेचा घ्यावा. भार घेऊन चालतांना धूर सतत येत असेल, तर खालच्या वाटेचा. काळा धूर हा जादा पेट्रोलचा, आणि पाणी कमी होऊन पांढरी वाफ येत असेल तर ती बहुधा हेडच्या गास्केटची तक्रार असते. त्यांचा या वादाशीं संबंध नाहीं.

संशयाचा निर्णय गेजवर होतो. इंजिन गरम करून चारहि प्लग काढावे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरनें इंजिन फिरवावें आणि प्रत्येक भोकाला गेज लावून दाब पाहावा. बॅटरी भरलेली असावी, नाहींतर सगळेच आंकडे खोटे. आमचे आंकडे आले 125, 120, 70 आणि 122. तिसरा सिलिंडर अपराधी! मग त्यांत प्लगच्या भोकांतून चमचाभर इंजिन-तेल ओतून पुन्हां मोजलें. गळती रिंगांची असती तर त्या तेलानें फट क्षणभर बुजून कांटा वर चढला असता. तो 75 च्या पुढें हालला नाहीं. म्हणजे दाब निसटत होता तो वरून, व्हॉल्व्हच्या बैठकीपाशीं.

तेव्हां प्रथम फक्त हेड उतरविलें. तिसऱ्या सिलिंडराचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका कडेला जळलेला निघाला आणि गाइड चारहि ठिकाणीं सैल. हेड उतरलेंच होतें म्हणून सिलिंडरहि मोजून घेतले. रिंग जेथें वर पोंचून परत फिरते, तेथें झीज सर्वांत अधिक होते; ती फार झाली असेल तर नखालाहि कंगोरा लागतो. आमची झीज 0.06 मिलिमीटर भरली. सामान्यतः ती 0.15 च्या पुढें गेली म्हणजे बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात, क्रँक मोजून गरज पडल्यास ग्राइंड करावा लागतो, त्याला जाड बेअरिंगें बसवावीं लागतात. फुल इंजिन म्हणतात तें हें.

आतां कारागीर ज्याला 'हाफ इंजिन' म्हणतात त्याविषयीं माझें मत थोडें कडक आहे. बोअर न करतां नुसत्या नव्या रिंगा आणि बेअरिंगें घालणें, हा मध्यम मार्ग घरांतील दोन्ही पक्षांस आवडतो, आणि पैसा सर्वांत अधिक वायां जातो तो येथेंच. सिलिंडर लंबगोल झालेला असेल तर नवी गोल रिंग त्यांत नीट बसत नाहीं. कांहीं हजार किलोमीटरांत धूर परत येतो आणि तोच खर्च दुसऱ्यांदा, पुरता करावा लागतो. माप मर्यादेंत असेल तरच 'हाफ' करावें. मात्र खालून ठक्‌ठक् आवाज येत असेल आणि गरम इंजिनावर तेलाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर गॅरेजपर्यंतहि गाडी चालवीत नेऊं नये, ओढून न्यावी. तेवढ्या चालीनेंहि क्रँक बिघडतो.

धाकट्यांनीं आणखी एक तोड सुचविली होती : भंगारबाजारांतून दुसरें इंजिन आणावें. ही गाडी कुर्ल्यास बने. तिचें उत्पादन थांबून दोन तपें उलटलीं, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 मध्यें रस्त्यावरून गेली. इंजिनें मिळतात. पण त्यांची झीजहि कोणी मोजलेली नसते, त्यांतून टॅक्सीचें इंजिन म्हणजे रात्रंदिवस राबलेलें; शिवाय नोंदणीपुस्तकांत नवा इंजिन-क्रमांक चढविण्याची खटपट वेगळी.

या साऱ्या चर्चेंत मातोश्री एकदांच बोलल्या. दादा तीर्थरूपांच्या आठवणीविषयीं कांहीं म्हणत होते, तेव्हां त्या म्हणाल्या, "त्यांनी ती चालवायला घेतली होती, पुजायला नव्हे. चालणार असेल तर करा." दादा गप्प झाले. धाकट्यांनींहि विक्रीचा विषय पुन्हां काढला नाहीं. माझ्या समजुतीप्रमाणें त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. फुल इंजिन निघालें असतें, तर तो खर्च गाडीच्या किंमतीहून जास्त झाला असता. मग केवळ प्रेमाखातर आपण तो करीत आहों हें दादांना मोकळेपणानें कबूल करावें लागलें असतें.

तो प्रसंग आला नाहीं. नवा व्हॉल्व्ह, नवे गाइड, बैठका घासून, हेडचा पृष्ठभाग सपाट करून, नवें गास्केट, एवढ्यांत काम झालें. खर्च पहिल्या आंकड्याच्या चौथाईच्या आंत. वहिनींनीं स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारीं तेलाचा रकाना आंखला आहे. ज्या 800 किलोमीटरांस पूर्वीं लिटरभर तेल लागे, तेवढ्या अंतरांत आतां पावशेरहि लागलें नाहीं. सकाळीं धाकटे गाडी सुरू करतात आणि दादा धूर पाहण्यासाठीं मागें जाऊन उभे राहतात.