पैसे देऊन मिटत नाही

जवळा बाजार व पंचक्रोशीतील नागरिकहो,

मोबाइलवरून बदनामीची धमकी देऊन पैसे उकळणारे किती नीच असतात, हे सांगायला हे पत्रक काढलेले नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. हे पत्रक एका सल्ल्याविरुद्ध आहे. तो सल्ला परक्याकडून येत नाही. आपल्याच ओट्यावर बसून, आवाज खाली घेऊन, मोठ्या समजूतदारपणे तो दिला जातो : "देऊन टाका पाच-दहा हजार आणि मिटवा. बोभाटा नको."

२०२२ च्या सप्टेंबरअखेर पुण्यात दत्तवाडी पोलिसांच्या हद्दीत एकोणीस वर्षांच्या एका कॉलेजच्या मुलाने अशाच धमक्यांना कंटाळून जीव दिला. त्याच सुमारास त्याच शहरात आणखी एक तरुण याच कारणाने गेला. पोलिसांचा तपास राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या लक्ष्मणगढ तालुक्यापर्यंत पोहोचला. पण आपल्या ओट्यावरच्या शहाण्यांनी ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने पैसे दिले होते. ४,५०० रुपये. तुम्ही जे सुचवता ते त्याने केले होते, आणि मागणी थांबली नाही. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. एका क्विंटलाचेही पैसे नव्हेत, एवढ्यावर एक पोर गेले.

हा धंदा चालतो कसा ते नीट समजून घ्या. फेसबुकवर अनोळखी मुलीच्या फोटोची रिक्वेस्ट येते. दोन दिवस गोड बोलणे होते, मग व्हॉट्सॲप नंबर मागितला जातो आणि रात्री व्हिडिओ कॉल येतो. समोर मुलगी नसतेच, आधी भरून ठेवलेली अश्लील चित्रफीत चालू असते. तुमचा चेहरा पडद्यावर दिसला की रेकॉर्डिंग होते. पाठोपाठ तुमच्या मामा-मावशांची, मेहुण्यांची, मास्तरांची नावे असलेला मित्रयादीचा फोटो येतो : पैसे टाक, नाहीतर यांना पाठवतो. तुम्ही पैसे टाकता. दुसऱ्या दिवशी "दिल्ली क्राइम ब्रँच"मधून साहेब बोलतात. व्हिडिओ यूट्यूबवर चढला आहे, अमक्याला पैसे द्या, तो काढून टाकेल. त्यानंतर तिसरा फोन येतो : त्या मुलीने आत्महत्या केली, तुझे नाव लिहून ठेवले आहे. मुलगी नव्हतीच, मग मेली कोण? पण घाबरलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, आणि तो सुचवायचा सोडून शेजारी बसलेला माणूस सांगत असतो, "मिटवून टाक."

समोरच्याला तुमची इज्जत घालवायची नसते, त्याला तुमचे पैसे हवे असतात. व्हिडिओ पाठवून टाकला की त्याच्या हातात धमकी उरत नाही. म्हणून पैसे न देणाऱ्याला सोडून तो बहुतेक वेळा पुढच्या माणसाकडे वळतो. ज्याने एकदा दिले तो पुन्हा देईल, हे त्याला कळलेले असते. दिलेली पहिली रक्कम म्हणजे दुसऱ्या मागणीचा विसार आहे. आणि पैसे देऊन तुम्ही विकत काय घेतले? हजार किलोमीटरवरच्या चोराचा शब्द! व्हिडिओची प्रत त्याच्याकडेच राहते. बैल घेताना दात मोजणारी माणसे आपण, आणि इथे मात्र माल न बघता पैसे मोजा म्हणून पोरांना सांगतो.

"पण पाठवलाच तर?" कधी कधी पाठवतो. पैसे देणाऱ्यांचाही पाठवतो. मग गावाने काय करायचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गावाच्या हातात आहे. आलेला व्हिडिओ पुढे ढकलणारा माणूस प्रेक्षक राहत नाही, गुन्हेगार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७अ कलमात असे चित्रण प्रसारित करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. चित्रणातले पोर अठराच्या आतले असेल, तर कायदा आणखी कडक आहे. राजस्थानातला चोर एकदाच पाठवतो. पुढचे पन्नास ग्रुप आपलेच असतात.

आता सर्वांत चीड आणणारे उत्तर : "मुलीचं प्रकरण आहे, लग्न मोडेल." मुलीच्या बाबतीत "मिटवणे" म्हणजे काय होते ते सगळे जाणतात. पैसे त्या नालायकाला जातात आणि शिक्षा तिला होते. फोन काढून घेतला जातो, औंढ्याचे किंवा वसमतचे कॉलेज बंद होते, स्थळे बघायला सुरुवात होते. कधी धमकी देणारा ओळखीचाच असतो, जुने फोटो धरून बसलेला. कधी साध्या, अंगभर कपड्यांतल्या फोटोवरून मशीनने बनवलेले खोटे चित्र असते, ज्यात तिचे काहीच नाही. तरी घर तिचेच बंद होते. हे पाहणारी तिची धाकटी बहीण काय शिकते? काही झाले तरी घरी सांगायचे नाही. धमकी देणाऱ्याला याहून जास्त काय हवे? त्याचे निम्मे काम आपण बाप-चुलते मिळून करून देतो, आणि त्याला घराण्याची अब्रू राखणे म्हणतो. अब्रू गुन्हेगाराची जायला हवी. भारतीय न्याय संहितेच्या ३०८ कलमाखाली खंडणी उकळणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याला फसवले त्याला शिक्षा सांगणारे कलम कुठल्याही पुस्तकात नाही. ते आपण आपल्या ओट्यावर लिहिले आहे.

"चूक त्याचीच आहे ना? कशाला उचलला कॉल?" असेल चूक. कुलूप लावायला विसरलेल्याच्या घरी चोरी झाली, तर आपण चोराला हप्ता बांधून देत नाही.

म्हणून नीट ऐका. पैसे देऊ नका. दिले असतील तर आणखी देऊ नका आणि लगेच १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. घाबरून चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. नंबर, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी, मेसेजची वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, मगच ब्लॉक करा. मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी करून ठेवा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिला व बालकांविषयीच्या चित्रणाची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असे खासगी चित्रण, मग ते बनावट का असेना, तक्रार मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत काढण्याची जबाबदारी फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांवर आहे. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून ठाण्यातून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमानुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते. नाही घेतली, तर लेखी तक्रार हिंगोलीला पोलिस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा.

कर्जाच्या ॲपवाल्यांनाही हेच लागू. फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना घाणेरडे बनावट फोटो पाठवणे ही वसुली नव्हे. ग्राहकाच्या संपर्कयादीला आणि फोटोंना कर्जाच्या ॲपने हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे.

आणि घरातल्या पोराचे जेवण तुटले, रात्री फोन वाजला की ते दचकते, असे दिसले तर आधी झडती घेऊ नका, जवळ बसा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते.

आमची मागणी आहे : येत्या ग्रामसभेत १९३० हा आकडा ग्रामपंचायतीच्या, शाळांच्या आणि मोंढ्याच्या भिंतीवर ठळक रंगवण्याचा ठराव घ्यावा. प्रत्येक गावाने दोन पुरुष आणि दोन बाया अशी चार माणसे ठरवावीत. धमकी आलेल्या घरातले कुणी ठाण्यात निघाले, की त्यांनी सोबत जावे, आणि तक्रारीची प्रत हातात पडेपर्यंत तिथून हलू नये.

— जवळा बाजार परिसरातील काही पालक