झोपेची थकबाकी



खामगावच्या कापूस व्यापारातील एक स्नेही मध्यंतरी दबक्या आवाजात म्हणाले, "रात्री दोनला डोळे उघडतात ते उघडेच राहतात. येणी-देणी, सरकीचा भाव, मुलाचे लग्न, सारे तेव्हाच उशाशी येऊन बसते." सहा महिने हे चालू होते. डॉक्टरांकडे का गेला नाहीत, असे विचारता ते म्हणाले, "बाजारात कळले तर पत जाईल."

पतीचे हे भय आपल्या व्यापारी घरांत खोलवर रुजले आहे. घरातील मंडळी धीर देतात, "नवकार म्हणा, झोप लागेल." नामस्मरणाने मन शांत होते, हे खरेच. परंतु झोप न येणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे नव्हे. उत्तराध्ययन सूत्राने साधूंच्या रात्रीचे चार प्रहर वाटून दिले आहेत: स्वाध्याय, ध्यान, निद्रा आणि पुन्हा स्वाध्याय. सर्वसंगपरित्याग केलेल्यांनाही निद्रेचा प्रहर आहे; आपण गृहस्थांनी तो उधारीच्या वहीला का द्यावा?

काही पथ्ये घरीच पाळता येतात. उठण्याची वेळ रोज एकच असावी. दुपारनंतर चहा टाळावा. दुकान वाढवल्यावर उद्याच्या चिंता कागदावर उतरवून वही मिटावी; अंथरुणात मोबाईलवर हिशेब पाहू नयेत. वीसेक मिनिटांत झोप न लागल्यास उठून मंद उजेडात माळ घेऊन बसावे आणि डोळे जड झाले की परतावे. घड्याळाकडे पाहू नये.

बँकेत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. योगायोग असा, की आठवड्यातून किमान तीन रात्री याप्रमाणे तीन महिने झोप बिघडली, तर वैद्यकशास्त्र त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. मात्र जाणता अधिकारी नव्वदाव्या दिवसाची वाट पाहत नाही. दिवसा हिशेबात चुका होऊ लागल्या, गाडी चालवताना डुलकी आली, घोरताना श्वास अडखळतो असे घरच्यांच्या लक्षात आले, तर लगेच डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये, घरच्यांनीही थांबू देऊ नये. शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य सुरू आहे.

ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणणे हा उपाय नव्हे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई आहे. त्यांची सवय लागते आणि त्या एकाएकी थांबवणेही घातक ठरू शकते. दीर्घकालीन निद्रानाशात गोळ्यांआधी विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये केली आहे.

राहिला पतीचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

आमचे स्नेही अखेर पत्नीला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेले. झोप अजून पुरती परतलेली नाही. पण रात्री दोनला जाग आली तर आता ते एकटे नसतात. बाजारातील पत होती तशीच आहे.