टेकडीवर हिरवळ पेरण्यापूर्वी

कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. १८८० पासून तेथून सुमारे ८०० टन सोने निघाले. ते गेले, आणि गावाच्या वाट्यास राहिल्या तेरा टेकड्या. दगड दळून, त्यातील सोने काढून घेतल्यावर उरलेल्या पिठासारख्या रेतीच्या या टेकड्यांस लोक सायनाइडच्या टेकड्या म्हणतात. वारा सुटला की ती धूळ थेट घरात येऊन बसते. चित्रपटवाल्यांना मात्र त्यांचे रूप मोठे मोहक वाटले!

जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या टेकड्यांतील उरलेसुरले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावास संमती दिली. सुमारे १००० एकर जमीन आणि ३ कोटी टनांहून अधिक रेती यांचा हा मामला आहे. सोने खुशाल काढावे; परंतु त्यानंतरही रेती उरणारच. ती निर्धोक करून ही जमीन लोकांस उद्यान म्हणून परत मिळाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र उद्यान म्हणजे चार गुलमोहर, एक कारंजे आणि मंत्रिमहोदयांच्या हस्ते फीत कापणे नव्हे. कॅलिफोर्नियातील एम्पायर ही सोन्याची खाण १९५६ मध्ये बंद झाली आणि १९७५ मध्ये तेथील सरकारने ती जागा घेऊन उद्यान केले. लोक तेथे वर्षानुवर्षे हिंडले. मग त्याच परिसराच्या मातीत सोमल, म्हणजे आर्सेनिक, व शिसे आढळले. काही पायवाटा बंद कराव्या लागल्या, दूषित माती झाकावी लागली, खाणीतून झिरपणारे पाणी शुद्ध करावे लागले. संपन्न सरकारची ही गत, तर आमची काय कथा?

सायनाइड उन्हावाऱ्यात बरेचसे विरते. सोमल व शिसे विरत नाहीत. म्हणून आधी मातीची तपासणी, मग उतार बसते करणे, वर चिकणमातीचा व स्वच्छ मातीचा थर, पावसाचे पाणी अडविणारे चर, आणि प्रथम गवतच. मुलांचे झोपाळे त्यानंतर.

या सर्वाचा खर्च कंत्राटदाराकडून आधीच ठेव म्हणून घ्यावा. सोने हाती आल्यावर कोण कोणास विचारतो? शिवाय कोलारच्या कामगार वस्त्या बहुतांशी तमिळभाषी आहेत. कंत्राटाचा मसुदा त्यांच्या भाषेत, त्यांच्या समोर वाचला जावा, आणि मगच त्यावर सही व्हावी.